तीन नंबरवरून आलेला होकार

"मूरु म्हणाला तो. माझ्या या कानांनी ऐकलं, मगच स्विच दाबला."

हॉस्पिटलच्या जिन्यात वरच्या वळणावर उभा राहून गोविंदण्णा कुणाला तरी सांगत होता. मी खालच्या पायऱ्यांवर थर्मास घेऊन थांबले होते, त्याला दिसत नव्हते. वर वॉर्डात माझे वडील, अप्पा, पडून होते. त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं त्या सकाळी गेली होती.

वर जाऊन "खोटं बोलताय तुम्ही" असं मी म्हणायला हवं होतं. मी भिंतीला सरकून त्याला वाट दिली. खाली उतरताना तो म्हणाला, "काय गं पोरी, कॉफी आणलीस?" आणि मी मान हलवली. माझा स्वभावच तसा... समोरासमोर बोलायची वेळ आली की गळ्यात काहीतरी अडकतं. शाळा कॉन्व्हेंटची, मराठी घरातलं. वाचायला अप्पांनी जुन्या दिवाळी अंकांवरून शिकवलं. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून हे लिहितेय.

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, आणि बहुतेक वेळा शेवट येण्याआधीच माझ्याकडे एक साधं कारण तयार असतं — वारा, उंदीर, ताप. घरातल्या देवाला हात जोडते तेसुद्धा आई बघत असेल तर. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसले असते.

बेंगळूरमध्ये, शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे भांड्यांच्या दुकानांमधून एक बोळ आत जातो. बोळाच्या टोकाला पत्र्याची लांब शेड आहे. शेड गोविंदण्णाची, आत चार लेथ, चौघांचे. एक नंबरवर मुनियप्पा — कन्नड, साठीचे, दिवसाला दहा शब्द बोलणारे. दोन नंबरवर अन्वरभाई, ते मुनियप्पांच्या वाटणीचंही बोलायचे. तीन नंबर अप्पांचा. चार नंबर गोविंदण्णाचा स्वतःचा, स्विचला लागून. गोविंदण्णा आमच्यासारखाच इथल्या जुन्या मराठी घरातला, अप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. पूर्वी मी त्याला 'ते' म्हणायचे. इथे 'तो' लिहितेय, ते मुद्दाम.

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. चक म्हणजे तीन जबड्यांची पोलादी पकड. तिच्यात लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, चावीने घट्ट आवळायचा, तो गरगर फिरतो, आणि हत्यार लावून त्याला हवा तसा आकार द्यायचा. हल्ली प्रत्येक लेथला स्वतःची मोटर असते. आमच्या शेडमध्ये चौघांत मिळून एकच होती. छताखालून एक लांब दांडा जायचा आणि त्याच्यावरून चार चामडी पट्टे खाली चार मशीनवर उतरायचे. मोटर चालू झाली की सगळंच फिरणार. एखादा लेथ वेगळा थांबवायला लिव्हर असायची, पण तीन नंबरची लिव्हर झिजलेली होती. बाजूला सारलेला पट्टा आपोआप जागेवर यायचा आणि चक फिरायला लागायचं. "करू या दुरुस्त, स्वल्प थांब," असं गोविंदण्णा वर्षभर म्हणत होता.

म्हणून हाकेची पद्धत. ही १९९५-९६ ची गोष्ट; तेव्हा दिवसातून दोन-तीनदा करंट जायचाच. परत आला की गोविंदण्णा स्विचपाशी उभा राहून ओरडायचा, "सरी?" म्हणजे, ठीक आहे ना? मग प्रत्येकाने आपला हात चकच्या बाहेर आहे, चावी काढलेली आहे, हे बघून कन्नडमध्ये आपला नंबर सांगायचा. "ओंदु." "एरडु." "मूरु." एक, दोन, तीन. शेवटी स्वतःचा "नाल्कु" म्हणून तो हिरवं बटण दाबायचा. स्विच आणि तीन नंबर यांच्यामध्ये लोखंडी सळ्या उभ्या करून ठेवलेल्या असत, त्यामुळे तिथून तीन नंबर दिसत नसे. एक पाऊल डावीकडे टाकलं तर दिसायचा.

अप्पा नुसतं "मूरु" कधीच म्हणत नसत. "मूरु, हो." तीस वर्षं हेच. तंबाखूने खरवडलेला आवाज, आणि तो 'हो' जरा लांबवलेला.

त्या दिवशी ते काहीच म्हणाले नव्हते. त्यांची बोटं जबड्यांमध्ये होती, तर म्हणतील कसे? पहिला आठवडाभर ते हेच सांगत राहिले. पण भेटायला येणारा प्रत्येक जण गोविंदण्णाकडून ऐकून आलेला असायचा. अन्वरभाई म्हणाले, "मेरा ध्यान नहीं था, भाई." मुनियप्पा नुसते खाली बघत राहिले. दोघांचेही लेथ गोविंदण्णाच्या शेडमध्ये होते. महिन्याभराने एका दुपारी अप्पा आपल्या हाताकडे बघत मला म्हणाले, "म्हणालो असेन गं. सवयीनं निघून गेलं असेल तोंडातून."

बोटांचं मी कसंतरी सहन केलं होतं. हे नाही झालं. तीस वर्षांत ज्याने एकदाही हात चुकू दिला नाही तो माणूस गोविंदण्णाच्या एका वाक्यामुळे स्वतःला बेफिकीर समजायला लागला होता. जेवताना डाव्या हातातून घास सांडला तरी म्हणायचे, "माझं लक्षच नसतं."

मी पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमा केलेला होता. घरी म्हटलं, लेथ आपला आहे, नुसता पडून आहे, मी चालवते. आईने दोन दिवस अबोला धरला. मी सांगितलेलं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. गोविंदण्णाच्या तोंडून चौघांसमोर खरं बाहेर काढायचं होतं. आणि नाहीच निघालं तर... त्या शेडमध्ये चार मशीन होती आणि त्यालाही दोन हात होते. असं मी तेव्हा मनात म्हणत होते. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अजिबात वाटली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी अप्पांनी मला समोर बसवलं. "ओढणी घरी ठेवायची. बांगडी नको, अंगठी नको, घड्याळ नको. केस बांधून वर रुमाल. बाही कोपराच्या वर. चकची चावी आत ठेवून हात सोडायचा नाही — सोडलीस तर मशीन ती कुणाच्या तरी कपाळावर फेकणार. लोखंडाचा किस आकड्यानं ओढायचा, हातानं कधीच नाही. फिरत्या जॉबवर माप घ्यायचं नाही. आणि हाकेला..." इथे ते थांबले. "हाकेला उशिरा उत्तर दे, पण बघून दे." मग उठून आत गेले.

पहिले काही दिवस सगळे माझ्याशी पाहुण्यासारखे वागले. मला लाडाने 'मा' म्हणणारे अन्वरभाई म्हणाले, "इत्ता चुप काम करती मा तू, मशीन भी शरमाती." गोविंदण्णा रोज विचारायचा, "अप्पा बरा आहे ना गं? सांभाळ त्याला. वय झालं की लक्ष राहत नाही माणसाचं." मी मान हलवायचे.

तो पहिला प्रसंग दुसऱ्या आठवड्यातला. सकाळचे अकरा वाजले असतील. करंट गेला होता, म्हणून मी जॉब सैल करायला घेतला. डावा हात चकवर, उजव्या हातात चावी, चावी आत. करंट आला. मला कळलं, पण जबडा अडकला होता आणि मी तो सोडवत होते.

"सरी?"

"ओंदु."

"एरडु."

"मूरु, हो."

माझ्या उजव्या खांद्यामागून, हातभर अंतरावरून. आवाज अप्पांचा.

मी मागे बघितलं नाही. "नाल्कु" ऐकू आलं आणि मी अंग मागे फेकलं. चावी आतच राहिली होती. चकने ती उडवली आणि ती पत्र्यावर जाऊन आदळली. मुनियप्पा ओरडले, मोटर बंद झाली, आणि गोविंदण्णा धावत आला.

"म्हणालीस ना तू? मूरु म्हणालीस ना?"

मला वाटलं रागावला आहे. पण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, "मागून 'हो' कशाला म्हणालीस?"

म्हणजे त्यानेही तेच ऐकलं होतं.

मी काहीच बोलले नाही. हो नाही, नाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गप्प राहण्याचा उपयोग कळला.

नंतर मी हळूच चौकशी केली. अन्वरभाई म्हणाले, "मैं तो तेरीच आवाज सुन्या." मुनियप्पांना नंबर ऐकू आला होता, कुणाचा आवाज ते सांगता येईना. घरी आईला विचारलं, अकराला अप्पा काय करत होते? "रेडिओवर कॉमेंट्री. दुसरं काय करणार?" अप्पा हयात होते, हलसूरला आमच्या घरात, खुर्चीत बसून क्रिकेट ऐकत होते. मग तीन नंबरवर उभं राहून कोण बोललं? आणि अप्पांचा आवाज माझाच हात तोडायला कसा निघेल? या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी थोडंफार शिकलेली आहे, म्हणून तपासून पाहिलं. करंट आल्यावर हात बाहेर असेल तर काहीच व्हायचं नाही, मला स्वतःलाच "मूरु" म्हणावं लागायचं. चावी न लावता नुसती बोटांची टोकं चकवर टेकवली, पाय मागे घेऊन पळायच्या तयारीत उभी राहिले, की आवाज यायचा. "मूरु, हो." दर वेळी. हात आत असताना, म्हणजे जेव्हा होकार द्यायचाच नसतो, नेमका तेव्हा.

मला जे वाटलं ते लिहिते, पटवायचा आग्रह नाही. ते अप्पा नव्हते. गोविंदण्णाने सगळीकडे ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तो होकार होता. कुणीच न दिलेला. सांगून सांगून त्याने तो त्या जागेवर उभा केला होता.

यानंतर मी जे केलं ते आईला अजून माहीत नाही. मी मुद्दाम हात आत ठेवायला लागले.

करंट आला की बोटांची टोकं जबड्यावर. आवाज यायचा. पहिल्या दोन वेळा त्याचा हात बटणापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्या वेळी त्याने, आयुष्यात पहिल्यांदा असेल, एक पाऊल डावीकडे टाकून बघितलं. त्याला दिसलं ते असं: माझा हात चकमध्ये, माझं तोंड बंद, आणि होकार येऊन गेलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. नजर काढली नाही.

"काय गं... काय करतेस तू हे?"

मी हात बाहेर काढला, पुसला आणि माझ्या आवाजात म्हटलं, "मूरु."

मग दर वेळी तो चालत माझ्या मशीनपर्यंत यायचा, बघायचा, परत जायचा, आणि जाताना वळून पुन्हा बघायचा. अन्वरभाई वैतागायचे. "गोविंदण्णा, शादी का वऱ्हाड है क्या, कित्ते चक्कर मारते?" त्याने लेथवर लिंबू-मिरची बांधली, एका शुक्रवारी भटजी आणून पूजा घातली. भटजी मंत्र म्हणत असताना करंट गेला तर हा असा दचकला की आरतीचं तबक हातातून पडलं. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. मला कीव यायला हवी होती. मी त्याच्या गळ्याची हाडं वर आलेली बघायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खायचे.

एका सोमवारी तो नवा पट्टा घेऊन आला. "लिव्हर पण बदलतो, पट्टा पण. मग हाक नको की काही नको." दुपारची वेळ, करंट नव्हता. मला म्हणाला, "तू स्विचपाशी उभी राहा. करंट आला तरी बटणाला कुणाला हात लावू देऊ नको. तुझ्यावर भरवसा आहे माझा, तू गप्प पोर आहेस."

मी जाऊन उभी राहिले. मध्ये सळ्या, तो दिसत नव्हता. पट्टा तारेच्या हुकांनी जोडायचा होता, त्यासाठी पुली आणि पट्टा यांच्यामधून कोपरापर्यंत हात घालावा लागतो. त्याचं लिव्हरपाशी खुडबुडणं ऐकू येत होतं.

बल्ब पेटला.

अन्वरभाई पाठमोरे होते, त्यांना संध्याकाळपर्यंत माल द्यायचा होता. स्विचपाशी मी आहे हे त्यांनी आधी पाहिलं होतं, म्हणून हाकेची वाट न बघता त्यांनीच आवाज दिला, "सरी, सरी? एरडु! दबाव मा!" मुनियप्पा सवयीने म्हणाले, "ओंदु."

आणि सळ्यांच्या पलीकडून आलं, "मूरु, हो."

स्पष्ट. सावकाश. अन्वरभाई लगेच म्हणाले, "हो गया, तिन्नों बोले, दबा दे."

माझा अंगठा हिरव्या बटणावर होता. तिथे कधी गेला ते मला आठवत नाही. मी एक पाऊल डावीकडे टाकलं, पण अंगठा काढला नाही. तेवढा हात पुरतो, हे तेव्हा कळलं.

गोविंदण्णाचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यात होता. तो माझ्याकडे बघत होता. हात ओढला तर येईना, घड्याळाचा स्टीलचा पट्टा तारेच्या हुकात अडकला होता. मालक म्हणून तो मशीनवरही घड्याळ घालायचा.

"मी नाही म्हणालो," तो म्हणाला. "पोरी, मी नाही म्हणालो! मी तोंडसुद्धा उघडलं नाही!"

अन्वरभाई वळले. "तुम उधर हो? फिर मूरु कौन बोल्या?"

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: मी आत्ता दाबलं तर मला कुणी दोष देऊ शकत नाही. नंबर आला होता. तिघांनी ऐकला होता. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून मीही म्हणू शकेन, माझ्या या कानांनी ऐकलं, मगच स्विच दाबला. एक शब्दही खोटा नसेल.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कुणाला घोर लागणार नाही. गोविंदण्णाचा हात शाबूत आहे. त्याच संध्याकाळी तो मुनियप्पा आणि अन्वरभाईंना घेऊन आमच्या घरी आला, अप्पांच्या समोर जमिनीवर बसला आणि सगळं बोलला. अप्पांनी एवढंच विचारलं, "पट्टा बसला का नीट?" पण त्या दिवसापासून ते "म्हणालो असेन" असं कधी म्हणाले नाहीत, आणि गोविंदण्णाने आणलेली फळं आईने तशीच परत पाठवली. आता शेडमध्ये चारही लेथना वेगळ्या मोटरी आहेत, त्यामुळे हाक उरलेली नाही. मी अजून तीन नंबरवर काम करते. क्वचित हात आत असताना करंट येतो, तेव्हा कान देऊन थांबते. काही ऐकू येत नाही. तो आवाज कसला होता, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं आणि आज दोन वर्षांनीही कळलेलं नाही. अन्वरभाई म्हणतात, पत्र्याची शेड, आवाज घुमतो. पत्रा कधी 'हो' म्हणत नाही, एवढं मला माहीत आहे.

पण मला जास्त आठवतं ते बटणावरचं ते मिनिट. मी ते दाबणार नव्हते, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गोविंदण्णाला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्याने हात ओढायचं सोडून दिलं. मान खाली घातली आणि पुटपुटला, "त्या दिवशी पण कुणी म्हणालं नव्हतं. मी ऐकलंच नाही काही... मी ऐकायला थांबलोच नाही. अप्पाची काही चूक नव्हती. काढ गं अंगठा आता."

मुनियप्पांनी हातातलं काम खाली ठेवलं. माझ्या गळ्यात काहीच अडकलेलं नव्हतं. अंगठा होता तिथेच ठेवून मी, बोळाच्या तोंडाशी जाईल एवढ्या आवाजात, म्हणाले,

"मोठ्यानं बोला, गोविंदण्णा. मला ऐकू नाही आलं."